बंबखाना आणि बावखल

अग्नी चुलीत असेतो अन्नदाता आणि चुलीबाहेर पडला की वैरी, हे आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावयास नको होते. कुडाची घरे, पेंढ्याची वा झावळ्यांची छपरे आणि परसात भाताच्या पेंढ्याची उडवी, अशी आपली वस्ती. या वस्तीने आगीपासून आपला बचाव कसा केला आणि गावाचे शहर झाल्यावर तो भार कोणावर गेला, हा वृत्तांत तरुण ज्ञातिबांधवांस ठाऊक असावा, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या बालपणी, म्हणजे १९७० च्या आसपास, 'बंबखाना' हा शब्द आम्ही केवळ मुंबईस नोकरीला जाणाऱ्या वडील मंडळींच्या तोंडून ऐकला होता. आमचा बंबखाना म्हणजे बावखल. पावसाचे पाणी साठविणारी ही गोड्या पाण्याची तळी वाडीवाडीत असत. त्यांच्या पाण्यावर केळी, पानवेली व भाजीपाला पोसला जाई. प्रसंग पडल्यास घरेही त्यांच्याच पाण्याने वाचत.

एका वैशाखातील दुपार आम्हांस अद्याप आठवते. शेजारच्या उडवीने पेट घेतला आणि वारा घरांच्या दिशेने होता. आरोळी ऐकताच सारी आळी धावली. बावखलापासून घरापर्यंत माणसांची रांग लागली. कळशा, घागरी, बादल्या हातोहात पुढे जाऊ लागल्या. दोघे तरुण पलीकडील छपरावर चढले, कोयत्याने पेंढा तोडून त्यांनी आगीची वाट मोडली आणि उरलेल्या भागावर ओली गोणपाटे पसरली. एक घर गेले. पुढची घरे वाचली. बंबासाठी दूरच्या गावी माणूस धाडला होता. बंब आला तेव्हा राख विझविण्याचेच काम उरले होते. तो दोष बंबवाल्यांचा नव्हता, अंतराचा होता. आग पाण्याने विझते हे खरे, पण ते पाणी किती दूर आहे यावरच सारे ठरते, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

मुंबईनेही हा धडा सोसूनच घेतला. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात लागलेल्या आगीने शहराचा मोठा भाग भस्मसात केला. त्यानंतर कित्येक वर्षे आग विझविण्याचे काम पोलिसांकडे असे. १ एप्रिल १८८७ पासून ते नगरपालिकेकडे आले आणि १८८८ च्या कायद्याने अग्निशामक दल राखणे हे महापालिकेचे कर्तव्यच ठरले. आरंभीचे बंब घोडे ओढीत. १९०७ साली मोटारीचा बंब आला. याच शहरास विरार १८६४ साली लोहमार्गाने जोडले गेले होते आणि १९३६ साली विजेची गाडीही येथवर पोहोचली. मात्र गाडीबरोबर बंब आला नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळा व कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. आग विझविण्यास गेलेले ६६ बंबवाले त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आपल्या घरोघरी त्यांचे स्मरण व्हावे, इतके त्यांचे ऋण खचित आहे.

लहान शहरांच्या बाबतीत १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने आग विझविणे व आगीपासून जीवित-वित्त राखणे हे आवश्यक कर्तव्य ठरविले. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व अनेक ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. आज शहरास स्वतःचे बंब आहेत, शिकलेले जवान आहेत. १०१ हा क्रमांक फिरविताच ते निघतात.

तरीही २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरार पश्चिमेस एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अंथरुणास खिळलेले तेरा रुग्ण तेथेच मृत्युमुखी पडले. पळू न शकणाऱ्यांना बंब येईपर्यंतची मिनिटे भोवतात. ही मिनिटे राखण्याची जबाबदारी इमारतीची, म्हणजे आपलीच आहे. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ सालचा असून २००८ पासून अंमलात आहे. ज्या इमारतींस तो लागू आहे, त्यांनी आपली यंत्रणा चालू असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावयाचा असतो. हा दाखला आपल्या सोसायटीत कोणी पाहिला आहे काय?

कित्येक बावखले आता बुजली. त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. इमारतीच्या गल्लीत आपण मोटारी अशा उभ्या करतो की बंबास वळावयास जागा नसते. जिन्याखाली जुने सामान रचतो. म्हणजे पूर्वी गावाने जे अंतर हातोहात कळशी देऊन कमी केले, तेच आज आपण आपल्या हातांनी वाढवीत आहोत.

यास्तव आमची नम्र विनंती अशी की, येत्या १४ एप्रिलला ज्ञातीतील तरुण-तरुणींनी जवळच्या अग्निशमन केंद्रात जाऊन जवानांकडून अग्निशामक नळकांडे चालविण्यास शिकावे, आणि प्रत्येक कुटुंबाने आपला जिना व गल्ली मोकळी ठेवावी. आपल्या वडिलांनी रांगेत उभे राहून शेजारघरे वाचविली. त्या रांगेतील आपली जागा आपण रिकामी ठेवू नये, एवढेच मागणे. इत्यलम्.