काचेच्या हौदातील मासे : एका मापनियमाचा इतिहास

घरातील काचेच्या हौदात मासे किती ठेवावेत, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या नियमाने त्याचे उत्तर दिले जात आले, तो एका देशाच्या मापांत व एका हवामानात घडला आणि दुसऱ्या देशात, दुसऱ्या हवामानात जसाच्या तसा उचलला गेला. 'एका गॅलनास एक इंच मासा' हे त्याचे प्रसिद्ध रूप होय. धरणगावसारख्या खानदेशी गावी, जेथे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, हा नियम निष्ठेने पाळणाऱ्याचे मासे दगावले तर दोष त्याच्या हयगयीला दिला जातो. नियमाची झडती कोणी घेत नाही. ती घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मत्स्यपालनाचा छंद आपल्याकडे नवा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. (महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही मराठीच्या अभ्यासकांस परिचित असलेली नोंद याच ग्रंथातली.) सोमेश्वराने माशांच्या जाती सांगितल्या, त्यांचा आहार सांगितला, गळ टाकण्याची रीत सांगितली. त्याचे मासे नदीत व जलाशयांत वाढणारे आहेत. पाणी विस्तीर्ण आणि वाहते असले की मासे मोजण्याची निकड पडत नाही. संख्येचा प्रश्न जन्मास येतो तो पाणी चार भिंतींत कोंडल्यावर.

तो प्रश्न शास्त्रीय रीतीने प्रथम हाताळणाऱ्यांत लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याचे नाव घ्यावे लागते. १८४९ साली त्याने सुमारे बारा गॅलन मावतील अशा काचपात्रात निम्मे पाणी भरले, त्यात एक पाणवनस्पती लावली आणि अवघे दोन लहान सोनमासे सोडले. सडणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा ती फस्त करण्यासाठी गोगलगायी घातल्या. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गॅलन, म्हणजे सुमारे सत्तावीस लिटर पाण्यात दोन लहान मासे, हे प्रमाण नीट ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढील हौशी लोकांची भीड जसजशी चेपली तसतसा हा संयम सुटत गेला.

फिलिप गॉस याने १८५४ साली आपल्या ग्रंथास 'ॲक्वेरियम' असे नाव दिले आणि तो शब्द रूढ झाला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा, म्हणजे आपल्याकडील डोण किंवा हाळ! मराठीने 'मत्स्यालय' ही संज्ञा पत्करली. १९५१ साली मुंबईत उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नावात ती आहे. दोन्ही शब्दांत एक सूक्ष्म भेद आहे. लॅटिन शब्द पाण्याकडे पाहतो, संस्कृत शब्द माशाकडे. घरी काचेचा हौद आणणारा माणूसही बहुधा आधी माशांकडे पाहतो, आणि पाण्याचा विचार पाणी बिघडल्यावर करतो.

आता गॅलनाकडे वळू. धरणगावात इंग्रजांची वखार सतराव्या शतकातच होती. तथापि गावातील घरांत पाणी मोजले गेले ते घागर, कळशी, हंडा व रांजण यांनीच. इंग्लंडने १८२४ च्या कायद्याने आपला गॅलन निश्चित केला, तो आजच्या हिशेबाने ४.५४६ लिटरांचा. अमेरिकेने जुना लहान गॅलन तसाच ठेवला; तो ३.७८५ लिटरांचा. शंभर लिटरांच्या हौदात एका गॅलनाने बावीस इंच मासे बसतात, तर दुसऱ्याने सव्वीस इंचांहून अधिक. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि गॅलन व्यवहारातून गेला, परंतु नियम मात्र पुस्तकांतून व दुकानदारांच्या तोंडी टिकून राहिला. कोणत्या गॅलनाचा, हे विचारण्याची सोयही मग उरली नाही.

मापाचा घोळ सुधारता येईल. नियमातील मूळ दोष त्याहून खोल आहे. इंच हे लांबीचे माप, आणि माशाचा प्राणवायू लागतो त्याच्या देहभाराला. एकाच घाटाचा मासा दसपट लांब झाला की त्याचे वजन सुमारे हजारपट होते. एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा यांना नियम सारखे लेखतो. प्रत्यक्षात त्यांच्या भारात शंभरपट अंतर आहे. शिवाय हवा पाण्यात शिरते ती पृष्ठभागावरून. उंच, अरुंद बरणी आणि पसरट हौद यांत पाणी तितकेच असले तरी दोहोंत मावणारे मासे सारखे नव्हेत.

खानदेशात याला उष्णतेची जोड मिळते. वीस अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर पस्तीस अंशांच्या पाण्यात ७ मिलिग्रॅमहूनही थोडा कमी. त्याच वेळी उष्ण पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढत जाते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. लंडनच्या दिवाणखान्यात खपून गेलेला हिशेब धरणगावच्या पत्र्याखालच्या खोलीत तुटतो. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाची विल्हेवाट सूक्ष्मजंतू लावतात. या क्रियेचा उलगडा १८९० च्या सुमारास विनोग्रॅड्स्की याने केला. नव्या हौदात हे जंतू स्थिरावण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी हौद भरणे सर्वांत धोक्याचे.

आणि तरीही खानदेशातील पुष्कळ घरांत संख्येचा प्रश्न उलट बाजूने येतो. नळाचे पाणी दिवसांच्या अंतराने आले की ते हौदात साठवावे लागते. साठ्यात डासाच्या अळ्या होतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते सांगते, परंतु पाण्याची शाश्वती नसलेल्या गृहिणीला हौद उपसणे परवडत नाही. अशा ठिकाणी गप्पी मासे सोडले जातात. ('गप्पी' हा शब्द मराठी कानाला गप्पांतून आल्यासारखा वाटतो, वस्तुतः ते त्रिनिदादच्या लेचमिअर गप्पी यांचे आडनाव होय.) डासभक्षक 'गँबुशिया' १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली ती डीडीटीच्या भरवशावर, आणि मासे मागे पडले. १९७६ मध्ये देशात हिवतापाचे चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले, तेव्हा या जुन्या उपायाकडे पुन्हा लक्ष द्यावे लागले.

येथे किती मासे जगतील हे कोणी विचारीत नाही. किती पुरतील, हे विचारतात. काठाच्या एका मीटरास पाच ते दहा, असे सर्वसाधारण प्रमाण सांगितले जाते. या मापात गॅलन नाही, लिटरही नाही. गप्पीची मादी सुमारे महिन्याने पिले देते, आणि गर्दी झाली की मोठे मासे त्यांतली काही खाऊन टाकतात. संख्या अन्नाच्या मानाने आपोआप राहते. पथ्ये दोनच. हौदात वरून खाणे टाकू नये, नाही तर अळ्यांकडे त्यांचे लक्ष राहत नाही. आणि हौद धुताना ते गिरणेत किंवा ओढ्यात सोडू नयेत, कारण तेथील देशी माशांना हे परके मासे जाचक ठरतात. हौद घासून होईपर्यंत ते घागरभर पाण्यात राहू शकतात.