वडिलांचे काम सुटले तेव्हा मूल किती वर्षांचे होते?

१/ १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांमागे सुमारे एक जण बेकार होता. महामंदीच्या इतिहासात बँका, कारखाने आणि रूझवेल्ट यांना भरपूर जागा मिळते. त्या घरांतल्या मुलांचे पुढे काय झाले?

२/ याचे दप्तर कॅलिफोर्नियात जवळजवळ योगायोगाने तयार झाले. बर्कली येथील विद्यापीठाने बालविकासाच्या अभ्यासासाठी मुलांचे दोन गट निवडले होते: ओकलंडमधील १९२०-२१ साली जन्मलेली मुले आणि बर्कलीतील १९२८-२९ ची. मंदी हा त्या अभ्यासाचा विषयच नव्हता. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९६० च्या दशकात ही दप्तरे त्या दृष्टीने वाचली. ओकलंडच्या १६७ मुलांवरील त्यांचा ग्रंथ १९७४ साली आला.

३/ ओकलंडची मुले मंदीच्या ऐन काळात बारा-तेरा वर्षांची होती. मिळकत आटलेल्या घरांतले मुलगे किरकोळ कामे करून पैसे आणू लागले, मुलींनी घरकाम अंगावर घेतले. घराला आपली गरज आहे, हे त्यांना कळत होते. मध्यमवर्गातली अशी मुले प्रौढपणी, झळ न लागलेल्या सोबत्यांच्या फारशी मागे दिसत नाहीत. कामगारवर्गातल्यांना मात्र मानसिक स्वास्थ्याची किंमत अधिक मोजावी लागली. (‘हालअपेष्टांतूनच माणूस घडतो’ म्हणणारे नेमके हे वाक्य वगळतात.)

४/ बर्कलीची मुले तेव्हा चार-पाच वर्षांची. हातभार लावण्याचे वय नाही आणि घराबाहेर स्वतःचे जगही नाही. एल्डर यांच्या मांडणीनुसार टंचाई मुलांपर्यंत पोचली ती बरीचशी वडिलांच्या बिघडलेल्या स्वभावातून: चिडचिड, लहरी शिक्षा, आईवडिलांतले तंटे. मुलग्यांना याचा फटका सर्वाधिक बसला. किशोरवयात त्यांचा आत्मविश्वास खचलेला आढळतो. मुली आईच्या आधाराने तुलनेने सावरल्या. यांतल्या अनेक मुलग्यांचे आयुष्य पुढे लष्करी सेवेने आणि माजी सैनिकांना मिळालेल्या शिक्षणसवलतींनी रुळावर आणले, म्हणजे बालपणीची जखम भरण्यात सरकारी तिजोरीचाही वाटा होता.

५/ मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हजारोंना काम परत मिळालेच नाही. आपण तो दत्ता सामंत, गिरणीमालक आणि जमिनींच्या अंगाने वाचतो. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने नजर कामगाराच्या मुलांकडे वळवली. एल्डर वाचल्यावर लालबाग-परळच्या चाळींतल्या मुलांची वये विचारावीशी वाटतात: त्या वर्षी बालवाडीत कोण होते आणि दहावीत कोण? पहिली आज पन्नाशीकडे झुकली आहेत, दुसरी साठीला टेकली आहेत. दोघांकडेही अजून जाऊन विचारता येते.