बी. रघुनाथांच्या कागदांचा कैवार

लेखकाची पुस्तके छापून झाली, समग्र वाङ्मय निघाले, गावात त्याच्या नावाचे स्मारक उभे राहिले, की त्याच्या वह्या, मसुदे आणि पत्रे यांचे काम संपले, असे आपल्याकडे चांगली जाणती माणसेही मानतात. परभणीचे बी. रघुनाथ यांच्याविषयी बोलताना तर हे मत हमखास पुढे येते. त्यांच्या नावाचा महोत्सव होतो, पुरस्कार दिला जातो, पुस्तके मिळतात. मग जुने कागद कशाला शोधायचे? हे मत मला चुकीचे वाटते, आणि त्याने नुकसान होते म्हणून त्याचा प्रतिवाद करणे भाग आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, तो आधी नीट ऐकावा. लेखकाने जे खोडले ते त्याला नको होते आणि जे हवे होते ते त्याने छापले. खोडलेले उकरून काढणे म्हणजे त्याच्या निवडीवर कुरघोडी करणे. पत्रे एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेली असतात, त्यात तिसऱ्याने डोकावू नये. आणि एवढा खटाटोप जगन्मान्य लेखकांसाठी ठीक आहे. निजामी राज्यात बांधकाम खात्यात कारकुनी करणाऱ्या एका प्रादेशिक कादंबरीकाराच्या मसुद्यांत असे काय दडले असणार?

यातला पहिला मुद्दा छापील पुस्तक हा लेखकाचा अखेरचा शब्द असतो या गृहीतावर उभा आहे. बी. रघुनाथांच्या बाबतीत ते गृहीत टिकत नाही. बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. त्यांचा जन्म 15 ऑगस्ट 1913चा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोन्याचा. मृत्यू 7 सप्टेंबर 1953. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी 1954 साली आली. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह आणि ‘आकाश’ हा कथासंग्रह 1955चे, ‘काळी राधा’ 1956चा. ही चारही पुस्तके बाहेर पडली तेव्हा लेखक हयात नव्हता. कवितांचा क्रम कोणी लावला, कथेतला एखादा परिच्छेद कोणी गाळला, शीर्षक कोणी ठरवले, याचे उत्तर छापील प्रतीत सापडणार नाही. ज्या कादंबरीवर त्यांची आजची कीर्ती बरीचशी उभी आहे, तिच्याविषयीच आपण हा प्रश्न विचारलेला नाही, याचे मला दुःख होते.

बरे, हयातीत छापलेल्या पुस्तकांचे तरी काय? ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’ या कादंबऱ्या 1943 ते 1946 या काळात, वर्षाला एक अशा आल्या. तो महायुद्धाचा आणि कागदटंचाईचा काळ. पानांच्या हिशेबासाठी मजकूर कापला गेला का, हे मूळ प्रत हाती आल्याशिवाय सांगता येत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न भाषेचा आहे. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा उर्दू होती. कचेरी, जागीर, बाजार, घर या सगळ्यांतून ती परभणीकडच्या मराठीत मुरली. त्यांच्या कथासंग्रहांची ‘साकी’, ‘छागल’, ‘फकिराची कांबळी’ ही नावेच पाहा. ज्या मुद्रितशोधकाच्या कानाला ही बोली परकी, त्याला ती अशुद्ध वाटण्याचा आणि त्याने ती ‘सुधारण्याचा’ धोका नेहमीच असतो. मराठवाड्याच्या बोलीवर लिहिणारा आजचा अभ्यासक छापील पान पुरावा म्हणून पुढे करतो, तेव्हा ते शब्द लेखकाचे की जुळाऱ्याचे हे त्याला ठाऊक असायला नको का?

मूळ प्रत गेल्यावर काय होते, हे मराठीने याच मातीत पाहिले आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडजवळच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथांच्या पाठशुद्धीच्या आधीची आहे असे म्हणत त्यांनी 1909 साली ती छापली. पुढे ती मूळ पोथी अभ्यासकांसमोर राहिली नाही. छापील पाठ आहे, राजवाड्यांची विद्वत्ता आहे, पण कागद, शाई आणि अक्षराचे वळण तपासून पोथीचा काळ ठरवण्याची वाट बंद झाली. शंभर वर्षे वाद चालतो आहे आणि साक्षीदारच हजर नाही.

पत्रांकडे येतो. ती खाजगी असतात, हे मान्य. जिवंत माणसांना दुखावणारी पत्रे काही वर्षे मोहोरबंद ठेवावीत, त्याला कोणाची हरकत नसावी. पण खाजगी म्हणजे नष्ट करण्याजोगे, हा निष्कर्ष कुठून आला? धारवाडला, मराठीच्या सीमेवर राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णींची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर खंडांमागून खंडांत आली, आणि कथांपलीकडचा एक मोठा वाचक, चित्रांचा रसिक, कठोर मित्र मराठीला भेटला. ते घडले, कारण सुनीताबाई देशपांडे यांच्यासारख्या पत्र घेणाऱ्यांनी ती सांभाळली. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी ते नसतेच. ते राहते ज्याला पाठवले त्याच्याकडे. म्हणून लेखकाच्या कुटुंबाला विचारून शोध थांबवणे ही अर्धी चौकशी झाली.

इंग्रजीतला ईडन फिलपॉट्स या बाबतीत आठवतो. जन्म 1862चा, आपल्या माउंट अबूचा. तरुणपणी लंडनच्या एका विमा कचेरीत त्याने दहा वर्षे कारकुनी केली आणि पुढे डार्टमूर या एकाच माळरानावर कादंबऱ्यांची मोठी मालिका लिहिली. अगाथा ख्रिस्ती कोवळ्या वयात लिहू लागली तेव्हा या शेजाऱ्याने तिचे लेखन वाचून सल्ल्याचे पत्र पाठवले. तिने ते जपले आणि आत्मचरित्रात दिले, म्हणून या प्रादेशिक कादंबरीकाराचा हात जगभर वाचल्या जाणाऱ्या लेखिकेच्या घडणीत कुठे लागला ते कळते. त्याच्या ढीगभर कादंबऱ्यांतून हे कधीच कळले नसते.

आता ‘प्रादेशिक’ या आक्षेपाचे पाहू. महानगरातला लेखक संपादकांना भेटतो, बैठकीत बोलतो, त्याच्याविषयी दुसरे लिहून ठेवतात. छापखाना आणि मासिके दूर असलेल्या जिल्ह्याच्या गावी नोकरी करणाऱ्या लेखकाचा वाङ्मयव्यवहार टपालाने चालतो. त्याची साक्ष देणारे कागद सोडून दुसरे फारसे काही मागे उरत नाही. म्हणजे मोठ्या शहरातल्या लेखकापेक्षा परभणीच्या लेखकाचे कागद अधिक मोलाचे ठरतात. पूर्वपक्षाने हा हिशेब नेमका उलटा मांडला आहे.

त्यात घाईचे एक कारणही आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी, म्हणजे 2014च्या आरंभापासून, बी. रघुनाथांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरील स्वामित्वहक्क संपला. ती आता कोणीही छापू शकतो. वाचक वाढतील, हे चांगलेच. पण एका आवृत्तीतली चूक दुसरीत जाईल, आणि ताडून पाहायला मूळ प्रत नसेल तर तीच चूक प्रमाण ठरेल.

म्हणून परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूरच्या आणि हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना विनंती आहे. आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत बी. रघुनाथांचे, किंवा त्या पिढीतल्या कोणाही लिहित्या माणसाचे पोस्टकार्ड, वही, मासिकाचे कात्रण असेल तर ते रद्दीत घालू नका. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. टाचण्या काढा, वाळवी आणि कसर लागणार नाही अशा कोरड्या जागी सुती बासनात बांधून ठेवा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या, कोणाकडून मिळाले ते वेगळ्या कागदावर लिहा. मग शंभरी ओलांडलेल्या परभणीच्या गणेश वाचनालयाला किंवा मराठवाडा साहित्य परिषदेला कळवा. मूळ कागद द्यायचा नसेल तर देऊ नका. छायाचित्र तरी जरूर द्या.