चमत्कारकथा, ख्रिस्ती : अर्थनिर्णय
बायबलमधील चमत्कार शब्दशः घ्यावेत की प्रतीकरूपाने, याविषयीचा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील वाद. तिसऱ्या शतकात ऑरिजेनने शब्दार्थामागे आध्यात्मिक अर्थ शोधला. येशूने पाच हजारांना चमत्काराने दिलेले भोजन म्हणजे लोकांनी जवळची शिदोरी वाटून खाणे, असा नैसर्गिक उलगडा जर्मन धर्मशास्त्रज्ञ पाउलुसने १८२८ मध्ये केला. जर्मन धर्मशास्त्रज्ञ श्ट्राउसने (१८३५) तो नाकारून कथेचे मूळ जुन्या करारात दाखवले. तेथे संदेष्टा अलीशा वीस भाकरींत शंभर जणांना जेवू घालतो आणि अन्न उरते (२ राजे ४), तोच साचा येथे उघड दिसतो. केवळ साम्यावरून घटना घडलीच नाही असे सिद्ध होत नाही, हा परंपरावाद्यांचा आक्षेप रास्त आहे. मात्र योहानाचे शुभवर्तमान या भोजनालाच जीवनाच्या भाकरीवरील प्रवचन जोडते. तेव्हा प्रतीकार्थ आधुनिक शंकेतून उपजला, हे म्हणणे टिकत नाही. (पहा : ऑरिजेन, बायबल, येशू ख्रिस्त).