कबरीवरचे सोसन

काश्मीरच्या फुलांचा इतिहास सांगू लागले की जहांगीर बादशहाचे नाव प्रथम येते. इ. स. १६२० च्या वसंतात तो तेथे आला, तेव्हा उस्ताद मन्सूर याने तेथील शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली. त्यांतील फारच थोडी आज उरली आहेत. परंतु आयरिस, म्हणजे फारसीतील सोसन, याला आश्रय दिला तो सामान्य माणसाने. श्रीनगरात हरी पर्वताच्या पायथ्याच्या कबरस्तानांत दर वसंतात पांढरे व जांभळे सोसन फुलते. भूर्जपत्रांवर माती पसरून केलेल्या जुन्या छपरांवरही ते असे. पुढे पत्र्याची छपरे आली आणि तो वाफा गेला, कबरीवरचा राहिला.

याला श्रद्धेइतकाच वनस्पतीचा स्वभावही कारण आहे. सोसनाचा गड्डा आल्यासारखा आडवा वाढतो. त्याची पाठ उन्हाला उघडी हवी. खोल पुरला किंवा पाणी साचले, तर तो कुजतो. कबरीचा निचऱ्याचा उंचवटा त्याला मानवतो, आणि रोज पाणी घालणारा कोणी नसला तरी त्याचे अडत नाही. काही वर्षांनी दाटी होऊन फुले कमी येतात. तेव्हा बहर सरल्यावर गड्डे फोडून नव्या जागी लावावे लागतात. अशा रीतीने एका कबरीवरचे रोप दुसरीवर जाते. बादशाही चित्रे कागदाबरोबर गेली. सोसन मात्र हातोहात पुढे चालत आले.