टेपवर रचलेलं संगीत

'द डार्क साइड ऑफ द मून' ही पिंक फ्लॉइड या रॉक गटाची तबकडी मार्च १९७३मध्ये बाजारात आली आणि १९८८पर्यंत बिलबोर्डच्या अमेरिकी यादीत तिने एकूण ७४१ आठवडे काढले. या यशाचं श्रेय रॉजर वॉटर्सच्या शब्दांना आणि डेव्हिड गिल्मरच्या गिटारला दिलं जातं. ते रास्तच आहे, पण अपुरं आहे. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रण हाच संगीतरचनेचा भाग झाला, आणि म्हणून त्या रचनेत वादकांखेरीज इतरांचाही वाटा आहे. तबकडीतल्या 'मनी' या गाण्याची सुरुवात ऐकावी. नाण्यांचा खणखणाट, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र अशा आवाजांच्या टेपचे सात तुकडे मोजून कापले, जोडले आणि त्यांचं वेटोळं फिरवत ठेवलं. गाण्याचा सात मात्रांचा ताल त्या वेटोळ्यातच ऐकू येतो. 'टाइम'मधली घड्याळं ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात आधीच टिपून ठेवली होती. तबकडीच्या शेवटी बोलतो तो स्टुडिओचा दरवान.

यावर एक आक्षेप रास्त आहे: ही गाणी १९७२च्या फेब्रुवारीतच लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये वाजवली गेली होती, मग रचना स्टुडिओत झाली असं कसं म्हणायचं? पण रंगमंचावर काय होतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. 'ऑन द रन'च्या जागी तेव्हा गिटार आणि कीबोर्डची जुगलबंदी होती. सिंथेसायझरची ती धावती लय नंतर आली. 'द ग्रेट गिग इन द स्काय'च्या जागी ऑर्गन आणि धार्मिक वाचनाचे ध्वनिमुद्रित तुकडे होते. क्लेअर टॉरी या गायिकेने एका रविवारी शब्दांविना जे आळवलं, त्याने त्या गाण्याचा आत्माच बदलला. तिला मिळाले ३० पौंड. रचनेतल्या वाट्यासाठी तिने २००४मध्ये दावा लावला. २००५मध्ये तडजोड झाली आणि गटाचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याच्या बरोबरीने तिचं नाव रचनाकार म्हणून लागलं.

दुसरा आक्षेप पंक पिढीचा: महागड्या स्टुडिओंनी रॉक सामान्य पोरांच्या हातून काढून घेतलं. तक्रार खरी होती. महिनोन्‌महिने स्टुडिओ अडवून ठेवणं फार थोड्यांना परवडत होतं. तरी दोष पद्धतीचा नव्हता, किमतीचा होता. १९७९मध्ये कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारा पोर्टास्टुडिओ निघाला आणि थरावर थर चढवत गाणं रचण्याची तीच पद्धत राहत्या खोलीत आली. आज घरी बसून गाणं रचणारे बहुतेक जण ती वापरतात. म्हणून सत्तरच्या दशकातल्या रॉकचा इतिहास लिहिताना वादकांच्या यादीवर थांबणं अन्यायाचं आहे. टेप कापणारे हात आणि रोजंदारीवर गाणारे गळे यांनाही त्यात रचनाकाराचं स्थान मिळायला हवं.