मांजरांचे स्वादुपिंड-विकार

मांजराचे स्वादुपिंड जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला लागून असते. ते पाचकरस आतड्यात व इन्सुलिन रक्तात सोडते. पचनाशी निगडित त्याचे मुख्य विकार दोन: स्वादुपिंडदाह आणि पाचक विकरांची कमतरता. मांजरात दुसरा विकार बहुधा पहिल्याचीच परिणती असते. जुनाट दाहाने ग्रंथी झिजत जाते आणि विकरे स्रवणाऱ्या पेशी पुरेशा उरत नाहीत.

दाह ओळखणे अवघड आहे. कुत्रा ओकून, पोट आवळून दुखणे दाखवतो. मांजर बहुतेकदा नुसते खाणे सोडते आणि कोपरा धरून बसते. बहुसंख्य मांजरांत स्वादुपिंडाची नलिका आतड्यात उघडण्यापूर्वी पित्तनलिकेला मिळते, म्हणून यकृत, पित्तमार्ग व आतड्याचा दाहही सोबत आढळतो. सलाइन, वेदनाशामक, उलटीरोधक औषध आणि अन्न हे उपचार. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवण्याची जुनी रीत मांजराला घातक आहे, कारण काही दिवसांच्या उपासाने यकृतात चरबी साचते. गरज पडल्यास नळीने भरवतात. घरातली पॅरासिटॅमॉल देऊ नये. मांजराला ती जीवघेणी ठरते.

विकरांच्या कमतरतेत मांजर अनेकदा खाखा करते, पण खाल्लेले अंगी लागत नाही. विष्ठा भरपूर, फिकट, दुर्गंधीयुक्त असते. शेपटीखालचे केस कधी तेलकट होतात. घरी याला सर्रास जंत समजतात आणि जंताचे औषध दिले जाते. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइडचा विकार किंवा मधुमेहही असाच दिसतो. खात्री उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील ट्रिप्सिनसदृश द्रव्य मोजून होते: लिटरला 8 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास निदान पक्के. चाचणी मांजरासाठीचीच लागते, कुत्र्याची चालत नाही.

उपचारात डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेली विकरांची भुकटी प्रत्येक जेवणात कालवतात, बहुधा जन्मभर. मात्र नुसत्या भुकटीने भागत नाही. ब-12 जीवनसत्त्व शोषून घेण्यासाठी लागणारे प्रथिन माणसात जठर तयार करते, मांजरात केवळ स्वादुपिंड. त्यामुळे अशा बहुतेक मांजरांत ब-12 खालावलेले असते आणि ते इंजेक्शनने भरून काढल्याशिवाय भूक व वजन सहसा सुधारत नाही. भुकटी देऊनही फरक पडला नाही, तर आधी हेच तपासावे. इंजेक्शन स्वस्त आहे आणि बहुतेक औषधदुकानांत मिळते, हे खेड्यातल्या रुग्णाचे भाग्यच.

पण खेड्यात हा रोग लक्षात येणेच अवघड. उदाहरणार्थ, नेवासे तालुक्यातील घोडेगाव म्हशींच्या शुक्रवारच्या बाजारासाठी प्रसिद्ध. अशा गावात जनावराचा डॉक्टर येतो तो दुभत्यासाठी. उंदरांसाठी पाळलेल्या, दूधपोळीवर राहणाऱ्या मांजराचे वजन कोणी करत नाही, म्हणून रोग हाडे दिसू लागेपर्यंत लक्षात येत नाही. दुधाने अनेक प्रौढ मांजरांना एरवीही हगवण लागते, तेव्हा विष्ठेवरून फसगत होते. आधी दूध बंद करून पाहावे. पुढील तपासासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागू शकते. मुंबईत परळला 1886 साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आहे. मांजर नेणे शक्य नसल्यास स्थानिक डॉक्टर रक्तातील सीरम वेगळे करून थंड पेटीतून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. चाचणीचा निकाल येईपर्यंत भुकटी व ब-12 सुरू करून विष्ठा बदलते का हे पाहणे, असाही व्यवहारी मार्ग काही डॉक्टर पत्करतात. रक्त मात्र आधीच घेऊन ठेवावे.